जुना सर्व्हर, नवा संगणक : बोलणं नेमकं कुठे अडतं?

विंडोज ११ असलेला नवा संगणक घरी आणला, राउटरला जोडला आणि जुन्या सर्व्हरवरचं फोल्डर उघडायला गेलं, की पडद्यावर इंग्रजीत संदेश येतो : नेटवर्कवरचा मार्ग सापडला नाही. शेजारच्या टेबलावरचा विंडोज ७चा संगणक मात्र तेच फोल्डर निमूटपणे उघडून देतो. पहिला संशय केबलवर जातो, दुसरा राउटरवर, आणि दोन-तीन दिवसांनी कुणीतरी ‘सर्व्हर गेला, नवा घ्या’ असं सांगून जातं. बहुतेक वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. दोन्ही यंत्रं धडधाकट असतात. ती एकमेकांशी बोलायला लागतात आणि मध्येच एका टप्प्यावर थांबतात. तो टप्पा सापडला, की निम्म्याहून जास्त काम झालं.

‘फेकून द्या’ हा सल्ला मला मान्य नाही, कारण या जुन्या यंत्रांवर जे असतं ते दुसरीकडे कुठेच नसतं. सीएंच्या कार्यालयात त्यांच्यावर टॅलीतले जुन्या वर्षांचे हिशोब असतात. डीटीपी करणाऱ्यांकडे पेजमेकरमध्ये श्रीलिपीच्या फॉन्टांत लावलेली पुस्तकं आणि दिवाळी अंकांची पानं असतात. घरातल्या छोट्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर, सगळ्या कुटुंबाचे फोटो असतात. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी एक पथ्य पाळावं : सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा मोह टाळावा. वर्षानुवर्षं अखंड फिरत राहिलेली हार्ड डिस्क थंड झाली, की पुन्हा फिरायला नकार देऊ शकते. तसंच फायरवॉल बंद करणं, पासवर्ड बदलणं, राउटर रीसेट करणं हे सगळं एका दमात करू नये. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या बदलानं काय झालं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

सुरुवात पत्त्यापासून करू. नव्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली, की त्याचा पत्ता दिसतो. तो १६९.२५४नं सुरू होत असेल, तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, संगणकानं स्वतःच तात्पुरता घेतलाय. अशा वेळी केबल किंवा वाय-फाय तपासावं, पुढे जाऊ नये. पत्ता ठीक दिसत असेल, तर तो सर्व्हरच्या पत्त्याशी ताडून बघावा, कारण खूप घरांत गोम इथेच असते. सर्व्हरला कुणीतरी पूर्वी हातानं कायमचा पत्ता दिलेला असतो, समजा १९२.१६८.१.१०. मग फायबरची नवी जोडणी येते, तिच्याबरोबर नवा राउटर येतो आणि घरातले बाकीचे पत्ते १९२.१६८.२९ किंवा १९२.१६८.० या मालिकेत जातात. सर्व्हर आपल्या जुन्या मालिकेतच राहतो. केबल तीच, दिवेही लुकलुकतात, पण संगणकाच्या लेखी तो पत्ता घराबाहेरचा झालेला असतो. राउटरला जुनी मालिका परत द्यावी किंवा सर्व्हरला नवा पत्ता द्यावा, काम भागतं. संगणक चुकून पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर असेल, तरी हेच घडतं, कारण ते जाळं घरातल्या बाकीच्या यंत्रांपासून मुद्दाम तोडलेलं असतं.

यानंतर सर्व्हरच्या पत्त्यावर ‘पिंग’ करावं. उत्तर आलं, तर रस्ता मोकळा आहे. नाही आलं, तरी लगेच सर्व्हर मेला असं धरू नये, कारण बऱ्याच फायरवॉल पिंगला उत्तर देत नाहीत. मग ‘एआरपी’ या आज्ञेला वजा-चिन्ह आणि ‘ए’ जोडून यादी मागावी. एकाच जाळ्यातलं यंत्र पिंग गिळून टाकू शकतं, पण आपला हार्डवेअरचा पत्ता सांगितल्याशिवाय त्याला जाळ्यावर नांदता येत नाही. यादीत सर्व्हरच्या पत्त्यासमोर तो बारा अंक-अक्षरांचा क्रमांक दिसला, की यंत्र जिवंत आहे याची खात्री पटते.

आता नावाचा घोळ. एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’ खिडकीत सर्व्हर दिसत नाही, म्हणून लोक हताश होतात. त्या खिडकीवर फार विश्वास ठेवू नये. जुन्या विंडोजमध्ये शेजारच्या यंत्रांची यादी नेटबायॉस नावाच्या पद्धतीनं बनायची. तिच्यात यंत्राचं नाव जास्तीत जास्त पंधरा अक्षरांचं असतं, सोळावी जागा ते यंत्र कोणती सेवा देतं हे सांगण्यासाठी राखीव असते. ही यादी गोळा करणारी ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ सेवा फाइल वाटपाच्या सर्वांत जुन्या नियमावलीवर, म्हणजे एसएमबी १वर, अवलंबून होती. नवा विंडोज वेगळ्या पद्धतीनं यादी बनवतो, आणि ती पद्धत जुन्या सर्व्हरला ठाऊकच नसते. त्यामुळे खिडकीत नसलेला सर्व्हरही व्यवस्थित उघडू शकतो. पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पुढे सर्व्हरचा आकडी पत्ता लिहावा. आकड्यानं उघडलं आणि नावानं उघडलं नाही, तर अडचण फक्त नावाची आहे. त्या आकडी पत्त्याचा शॉर्टकट करून ठेवला, की प्रश्न मिटला. नेटवर्क ‘पब्लिक’चं ‘प्रायव्हेट’ करा हा सल्लाही सर्रास दिला जातो. त्यानं ही यादी भरू शकते आणि आपला संगणक इतरांना दिसू लागतो. आपल्याकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या जोडणीला मात्र त्याचा क्वचितच उपयोग होतो.

आकड्यानंही उघडत नसेल, तर पोर्ट तपासावा. विंडोजचं फाइल वाटप टीसीपीच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं. विंडोज २०००च्या आधीची यंत्रं फक्त १३९ वापरायची. पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा सर्व्हरचा पत्ता आणि पोर्टचा क्रमांक घालून दिली, की पोर्ट उघडा आहे की नाही ते कळतं. बंद असेल, तर सर्व्हरवरची वाटपाची सेवा किंवा तिथली फायरवॉल बघावी. उघडा असूनही फोल्डर मिळत नसेल, तर आपण या दुखण्याच्या मुळाशी पोचलो.

एसएमबी ही नियमावली आयबीएममधल्या बॅरी फायगनबॉम यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केली. तेव्हा मोजके संगणक एका खोलीत, एकमेकांवर भरवसा ठेवून काम करत. मायक्रोसॉफ्टनं ती उचलली, वाढवली आणि विंडोजच्या हाडीमासी भिनवली. दुसरी आवृत्ती व्हिस्टाबरोबर २००६मध्ये आली, तिसरी विंडोज ८बरोबर २०१२मध्ये. जोडणी करताना नवा संगणक ‘मला अमुक अमुक आवृत्त्या येतात’ अशी यादी पाठवतो आणि सर्व्हर तिच्यातली आपल्याला जमणारी सर्वांत नवी आवृत्ती निवडतो. विंडोज सर्व्हर २००३ला फक्त पहिली येते. नव्या संगणकाच्या यादीतून पहिली काढून टाकलेली असेल, तर दोघांत सामाईक काहीच उरत नाही आणि सर्व्हर जोडणी तोडून मोकळा होतो.

इथेच संदेश माणसाला भलतीकडे नेतो. विंडोजच्या संदेशातल्या सांकेतिक क्रमांकाचा शेवट ००३५ असा असतो. तो आकडा सोळा पायाच्या अंकपद्धतीतला आहे. आपल्या नेहमीच्या पद्धतीत तो ५३ होतो, म्हणजे जुन्याजाणत्या तंत्रज्ञांना पाठ असलेला ‘एरर ५३’. मार्ग सापडला नाही म्हणणाऱ्या या संदेशाचा खरा अर्थ कित्येकदा ‘मार्ग सापडला, पण बोलणी फिसकटली’ असा असतो. लिनक्स तर आणखी पुढे जाऊन ‘यंत्र बंद आहे’ असं सांगतो. २०१७मध्ये लिनक्सच्या कर्नलनं, मुद्दाम सांगितल्याशिवाय पहिली आवृत्ती वापरायचं सोडलं, तेव्हापासून चालू सर्व्हरला बंद ठरवणारा हा ११२ क्रमांकाचा संदेश अनेकांना भेटलाय. घरातल्या एखाद्या विंडोज १०च्या संगणकावर तेच फोल्डर उघडत असेल, तर तिथे पॉवरशेलमध्ये प्रशासकाच्या अधिकारानं ‘गेट-एसएमबीकनेक्शन’ ही आज्ञा द्यावी. कोणती आवृत्ती चालू आहे ते ‘डायलेक्ट’ या रकान्यात दिसतं. तिथे एकनं सुरू होणारा आकडा असला, की निदान पक्कं.

पण पहिली आवृत्ती काढलीच का? १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टनं एसएमबी १मधलं एक भगदाड बुजवणारा अपडेट दिला. महिनाभरात त्या भगदाडातून घुसण्याचं, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडे असलेलं ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार जगजाहीर झालं. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या विषाणूनं ते वापरून जगभरातले लाखो संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि तिच्या समूहाकडून चालवलं जाणारं आपल्या न्हावा शेवा बंदरातलं टर्मिनल विस्कळीत झालं. एका कार्यालयात पडलेला विषाणू एसएमबीच्या वाटेनं शेजारच्या प्रत्येक यंत्रावर आपोआप जात होता. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून विंडोज १०मधून पहिली आवृत्ती पायरीपायरीनं हटवायला सुरुवात झाली. काही प्रकारांत तर ती असली, तरी संगणक चालू असण्याचे पंधरा दिवस ती वापरली गेली नाही, की स्वतःहून निघून जाते. ‘मागच्या महिन्यात चालत होतं, मी काहीच केलं नाही’ असं सांगणारा माणूस खरं बोलत असतो, तो या तरतुदीमुळे.

घरगुती नॅसच्या बाबतीत आणखी एक नाव समजून घ्यायला हवं : साम्बा. यातले बहुतेक डबे आतून लिनक्स असतात आणि एसएमबी बोलण्यासाठी साम्बा वापरतात. त्याचा जन्म अशाच एका न जुळणाऱ्या जोडणीतून झाला. डिसेंबर १९९१मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना आपल्या डॉस संगणकावर एक नवी प्रणाली चालवून बघायची होती. ती डिजिटल कंपनीच्या ‘पाथवर्क्स’ नेटवर्कवरच चालायची, आणि पाथवर्क्सला त्यांच्या नेहमीच्या सन यंत्रांवरची जागा जोडता येत नव्हती. नियमावली हाताशी नव्हती. ट्रिजेल यांनी नेटवर्कचा प्रोग्रॅम त्याआधी कधी लिहिलेला नव्हता. तरी त्यांनी दोन यंत्रांमधली देवाणघेवाण टिपणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, कोणत्या प्रश्नाला कोणतं उत्तर जातं ते पाहिलं आणि तशीच उत्तरं देणारा स्वतःचा सर्व्हर उभा केला. साधारण दोन वर्षांनी पत्नीचा विंडोज संगणक घरच्या लिनक्स यंत्राला जोडताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण लिहिलेला सर्व्हर विंडोजशीही बोलतो. मला या कहाणीचं मोल वाटतं ते पद्धतीमुळे. अंदाज बांधत बसण्यापेक्षा दोन यंत्रांचं बोलणं कुठवर जातं हे बघणं, एवढीच ती पद्धत आहे, आणि वायरशार्कसारखं मोफत साधन घेऊन आज कुणालाही ती वापरता येते. साम्बाला दुसरी आवृत्ती नीट बोलता येऊ लागली ती २०११च्या ३.६मध्ये. त्याआधीचा साम्बा असलेला नॅस दिसायला कितीही चकचकीत असला, तरी तो पहिल्या आवृत्तीतच अडकलेला आहे.

आवृत्ती जुळली, तरी ओळख पटायची राहते. इथला पहिला सापळा अगदी साधा आहे. विंडोज उघडताना आपण जो चार किंवा सहा आकडी पिन टाकतो, तो फक्त त्या यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. सर्व्हरला त्याच्यावर नोंदवलेलं नाव आणि त्याचाच पासवर्ड हवा असतो, आणि नावाआधी सर्व्हरचं नाव व उलटी तिरपी रेघ दिली, तर गोंधळ टळतो. पासवर्ड बरोबर असूनही नकार येत असेल, तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये साठलेला जुना पासवर्ड पुसावा. १२१९ क्रमांकाचा संदेश आला, तर त्याच सर्व्हरशी दुसऱ्या नावानं आधीच जोडणी झालेली आहे. विंडोज एका सर्व्हरवर एका वेळी एकच नाव चालू देतो. ‘नेट यूज’ आज्ञेनं आधीची जोडणी काढून टाकावी.

पाहुणा म्हणून, पासवर्डशिवाय उघडणाऱ्या फोल्डरांची गोष्ट वेगळी. विंडोज ११च्या २४एच२ या २०२४च्या आवृत्तीपासून ‘प्रो’सारख्या प्रकारांत दोन दंडक आले : पाहुण्याची जोडणी बंद आणि प्रत्येक संदेशावर सांकेतिक सही सक्तीची. सही करायला लागणारी किल्ली पासवर्डापासून बनते. पाहुण्याला पासवर्डच नसतो, म्हणून किल्ली नाही, म्हणून सही नाही. हे दोन्ही दंडक सैल करणारे नुस्खे सहज मिळतात. मी म्हणेन, नॅसवर एक नाव आणि पासवर्ड तयार करायला पाच मिनिटं लागतात, तेवढी द्यावीत. रजिस्ट्रीत बदल करून संगणकाला पासवर्ड पडताळणीच्या जुन्या पद्धतींवर आणण्याचा सल्ला तर ऐकूच नये. त्यातली सर्वांत जुनी एलएम पद्धत पासवर्डातली सगळी अक्षरं मोठी करते आणि सात-सात अक्षरांचे दोन तुकडे वेगवेगळे साठवते, म्हणून चौदा अक्षरांचा पासवर्डही सात अक्षरांइतकाच कच्चा राहतो.

मोठ्या कार्यालयात डोमेन असेल, तर घड्याळही बघावं. तिथे ओळख पटवणाऱ्या कर्बेरॉस पद्धतीत दोन यंत्रांच्या वेळेत साधारणपणे पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. जुन्या सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा बटण सेल संपला, की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं.

मग उपाय काय? सर्व्हरला वर आणता येतं का, हे आधी पाहावं. नॅसच्या निर्मात्यानं दिलेलं शेवटचं फर्मवेअर बसवावं आणि फाइल सेवेच्या पानावर एसएमबीची कमाल आवृत्ती दोन किंवा तीन करावी. पुष्कळ डब्यांना दुसरी आवृत्ती येत असते, फक्त ती बंद ठेवलेली असते. ते पानच नव्या ब्राउझरमध्ये उघडत नसेल, तर कारण वेगळं आहे : प्रमुख ब्राउझरांनी सुरक्षित जोडणीच्या टीएलएस नियमावलीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२०पासून सोडायला सुरुवात केली. घरच्या जाळ्यातच, साध्या एचटीटीपीनं ते पान उघडून बघावं.

सर्व्हर २००३सारखं यंत्र वर येऊच शकत नाही. त्याला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जुलै २०१५ला संपला. तिथे दोन रस्ते उरतात. थोडे दिवसच लागणार असतील, तर ‘विंडोज फीचर्स’मध्ये एसएमबी १च्या खाली तीन चौकटी असतात, त्यांतल्या फक्त ‘क्लायंट’वर खूण करावी. ‘सर्व्हर’च्या चौकटीला हात लावू नये, कारण इटर्नलब्लू घुसायचा तो त्याच भागातून. धोका यानं कमी होतो, संपत नाही. रोज लागणारं फोल्डर असेल, तर मध्ये एक छोटं लिनक्स यंत्र ठेवावं, रास्पबेरी पायसुद्धा चालतो. एका बाजूनं ते जुन्या सर्व्हरशी पहिल्या आवृत्तीत बोलतं, दुसऱ्या बाजूनं तेच फोल्डर तिसऱ्या आवृत्तीत घराला देतं. जुना सर्व्हर वेगळ्या केबलनं फक्त या यंत्राला जोडला, तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही त्याच्यापर्यंत जाता येत नाही. मला हा मार्ग सगळ्यांत आवडतो, कारण त्यात नव्या संगणकाची एकही कडी ढिली करावी लागत नाही.

जोडणी झाली, की पहिलं काम नकलेचं. विंडोजमधलीच ‘रोबोकॉपी’ आज्ञा वापरावी. मध्येच वीज गेली, तर पुन्हा चालवल्यावर ती आधी गेलेल्या फाइली वगळते, आणि सांगितलं तर काय गेलं नि काय राहिलं याची नोंद फाइलीत ठेवते. जे पुन्हा मिळणारच नाही ते आधी न्यावं. श्रीलिपीत लावलेल्या पुस्तकांबरोबर त्याच यंत्रावरच्या फॉन्टच्या फाइलीही घ्याव्यात. त्या नसतील, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन काला दिसतो. दोन-चार पानं नव्या जागेवरून उघडून, छापील अंकाशी ताडून बघावीत, मग ‘क्लायंट’ची खूण काढून संगणक रीस्टार्ट करावा.